कोयनेच्या पाण्याला दोन वाटा

हजार लिटरची टाकी भरेल एवढं पाणी कोयनेच्या शिवसागर जलाशयातून पश्चिमेला सोडलं, तर पोफळीच्या वीजगृहात त्यातून साधारण एक युनिट वीज निघते. तेच पाणी धरणाच्या पायथा वीजगृहातून पूर्वेला सोडलं, तर युनिटचा सातवा-आठवा भाग मिळतो. पाणी तेच, धरणही तेच. फरक पडतो तो पाणी किती उंचीवरून खाली येतं याचा.

धरणाची उंची 103 मीटर. पोफळीला मात्र पाणी जवळपास पावणेपाचशे मीटर खाली येतं. ही उंची धरणाने दिलेली नाही, सह्याद्रीने दिली आहे. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना सुमारे 65 किलोमीटर दक्षिणेकडे, सह्याद्रीच्या माथ्याला समांतर वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते. वळणाच्या अलीकडेच तिला अडवलं आणि डोंगराच्या पोटातून बोगदे काढून पाणी कोकणच्या बाजूला नेलं. तिथे कडा सरळ तुटलेला. पोफळीला वापरलेलं पाणी खाली कोळकेवाडीला पुन्हा अडवून पुन्हा वीज काढतात. सगळे टप्पे मिळून क्षमता 1960 मेगावॅट आहे, त्यातले 1000 एकट्या चौथ्या टप्प्याचे. कोळशाचा थंड पडलेला संच तापायला तास लागतात, इथे काही मिनिटांत जनित्र फिरतं. म्हणून संध्याकाळी राज्याची मागणी एकदम चढली, की कोयना हाताशी लागते.

चौथ्या टप्प्यासाठी पाणी घ्यायचं तोंड जलाशयाच्या तळाशी हवं होतं, आणि जलाशय रिकामा करणं तर शक्य नव्हतं. मग खालून बोगदा खणत तळाच्या अगदी जवळ आले, शेवटी खडकाचं एक बूच ठेवलं आणि 1999 च्या मार्चमध्ये ते सुरुंगाने उडवलं. वर भरलेला जलाशय तसाच! या ‘लेक टॅपिंग’ची दुसरी खेप 2012 मध्ये झाली, आणखी खालच्या पातळीवर.

इतकी स्वस्त वीज मिळते तर सगळंच पाणी पश्चिमेला का नाही? कारण कोयना हे मुळात कृष्णेचं पाणी. साठा 105.25 टीएमसीचा (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) असला, तरी कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातली. उरलेलं पूर्वेचं. सांगलीच्या कोरड्या तालुक्यांना पाणी देणाऱ्या टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना उन्हाळ्यात कोयनेच्या विसर्गावर डोळे लावून असतात. पाऊस कमी झाला की पहिली कात्री विजेच्या पाण्याला लागते, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. विजेला पर्याय आहेत, जतच्या शेताला नाहीत.

पुराचा पेच वेगळा. वीज आणि सिंचनाला धरण भरलेलं हवं, पूर अडवायला त्यात जागा रिकामी हवी. ऑगस्टमध्ये सहा वक्र दरवाजे किती फुटांवर आहेत हे कराड-सांगलीत घरोघरी विचारलं जातं, ते यामुळे.

भूकंपाचा विषय टाळून कोयनेवर लिहिता येत नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या धक्क्याने धरणाला भेगा गेल्या त्या वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो. धरण कोसळलं नाही, नंतर त्याला मागून जाड आधार दिला गेला. जलाशयाच्या वजनाने आणि खडकांच्या भेगांत मुरलेल्या पाण्याच्या दाबाने, आधीच ताणात असलेला खडक सरकतो, असं शास्त्रज्ञ मानतात. ताण जमिनीचा स्वतःचा, पाणी फक्त निमित्त.

वीज काढून झाल्यावर उरतं ते अवजल. ते वाशिष्ठीत पडतं, चिपळूणवरून दाभोळला समुद्रात जातं. ते मुंबईला न्यावं, अशी चर्चा बरीच वर्षं चालू आहे. परत घाटावर चढवून दुष्काळी भागाला द्यावं, असंही अधूनमधून सुचवलं जातं. पण हजार लिटर खाली येताना एक युनिट मिळालं, तर तेच वर चढवायला, पंपात वाया जाणारी वीज धरून, दीड युनिटच्या आसपास वीज मोजावी लागेल.