खानदेशातल्या रंगवलेल्या भिंती : ही गोष्ट कुठून सुरू झाली

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठंही जा, सरकारी कंपाउंडची भिंत कोरी राहिलेली आता कमीच दिसते. २०१४ ला स्वच्छ भारत आलं, २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षणात शहरांना मार्क मिळायला लागले, २०२० ला राज्य सरकारचं पर्यावरणाचं माझी वसुंधरा अभियान आलं आणि पालिकांनी भिंती रंगवायचा सपाटाच लावला. झाडं, पाणी, ओला कचरा सुका कचरा, मधेच वारली बाया-माणसं. त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की हे सगळं दहा वर्षांतलं फॅड आहे. पण भिंतीवर चित्र काढायची सवय या पट्ट्याला दोन हजार वर्षांची आहे आणि ती समजून घेतली तर आजच्या भिंतींकडे बघायची नजर बदलते असं मला वाटतं.

सुरुवात अजिंठ्यापासूनच करावी लागते. हो, लेणी संभाजीनगर जिल्ह्यात येतात, पण जळगाव स्टेशनवरून साठेक किलोमीटर, त्यामुळे जगभरातली माणसं आजही जळगावला उतरूनच तिकडे जातात. ९ आणि १० नंबरच्या लेण्यातली जुनी चित्रं इसवी सनाच्या आधीची. नंतरची, जी आपण फोटोत बघतो ती, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. आता यातली एक गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असते. १७ नंबरचं लेणं, जिथं सगळ्यात जास्त चित्रं टिकलीत, ते कोरवून घेतलं हरिषेणाच्या एका मांडलिक राजानं आणि तो होता ऋषीक देशाचा, म्हणजे अभ्यासकांच्या मते आपल्याच खानदेशाचा. व्हरांड्यातल्या शिलालेखात लिहिलंय की त्याचा धाकटा भाऊ रविसांब वारला, त्या दुःखातून त्याचं मन दानधर्माकडे वळलं. म्हणजे एवढं मोठं काम उभं राहिलं त्याच्यामागे घरातलं एक मरण होतं. मला ही ओळ चित्रांइतकीच महत्त्वाची वाटते.

आणि तंत्र बघा, दगडावर आधी मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि गवताचे धागे (इथल्या चित्रांच्या नकला करून घेणाऱ्या जॉन ग्रिफिथनं तर शेणाचाही उल्लेख केलाय), वर चुन्याचा पातळ हात, मग सुकलेल्या भिंतीवर रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती, निळा तेवढा लाजवर्दी दगडाचा, तो लांबून आणलेला. माती, शेण, चुना, गेरू हे आपल्या धाब्याच्या घरातल्या बायका दिवाळीच्या आधी लिपायला-पोतायला काढायच्या तेच सामान आहे की.

पुढं मध्ययुगात खानदेशचं राजकारण बुऱ्हाणपूरला गेलं, आधी फारुकी, १६०१ नंतर मुघल. तिथल्या शाही किल्ल्यातल्या हमामच्या छतावर अजून रंगीत वेलबुट्टी शिल्लक आहे. पण ती राजवाड्यातली, गावाला बघायला नव्हती.

१८१९ ला इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन स्मिथला अजिंठा दिसला आणि तिथून चित्रांच्या नकला काढायचं पर्व सुरू झालं. इंग्रज फौजेतला चित्रकार रॉबर्ट गिल १८४४ ला आला आणि इथलाच झाला, वर्षानुवर्षं चित्रं उतरवत बसला, त्यातली बहुतेक १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. तरी तो परत कामाला लागला. १८७९ ला वारला, त्याची कबर भुसावळला आहे. नंतर ग्रिफिथ मुंबईच्या जे.जे.ची पोरं घेऊन आला, त्या नकलांपैकीही बऱ्याच १८८५ च्या दुसऱ्या एका आगीत गेल्या.

मग १९०९ च्या हिवाळ्यात इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅमसोबत नकला करायला जी बंगाली तरुण मंडळी आली त्यात पुढं मोठे चित्रकार झालेले नंदलाल बोस होते. हेच नंदलाल २७ वर्षांनी परत खानदेशात आले, डिसेंबर १९३६ ला, यावल तालुक्यातल्या फैजपूरला. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. गांधीजींचा आग्रह होता की सजावट इथल्याच सामानातून, इथल्याच कारागिरांकडून व्हावी, आणि नंदलालनी बांबू वगैरे घेऊन अधिवेशनाचं टिळकनगर उभं केलं. गांधीजींनी तिथल्या भाषणात त्यांचं जाहीर कौतुक केलं. पुढं १९३८ ला हरिपुऱ्याला त्यांनी शेतकरी, चांभार, शिंपी, ढोलवाले अशी साध्या माणसांची चित्रं काढली ती जगप्रसिद्ध झाली. हरिपुरा म्हणजे नवापूर ओलांडलं की तापी जिल्हा आणि त्याच्या पुढचा सुरत जिल्हाच. सार्वजनिक जागेत सामान्य माणसाचं चित्र हा विचार आपल्या दारावरून गेलाय आणि फैजपूरचं नाव घेताना आपण फक्त राजकारण आठवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिकडे सातपुड्यापलीकडे, अलीराजपूर-छोटा उदेपूरकडे, राठवा आणि भिलाला आदिवासींचा पिठोरा हा भिंतीवरच्या चित्रांचा प्रकार आहे. नवस फेडायला घरातल्या मुख्य भिंतीवर घोडे काढतात. भिंत कुंवार पोरी शेणानं आणि पांढऱ्या मातीनं लिपतात, रंगात दूध आणि मोहाची दारू घालतात, आणि चित्र झालं की बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, रात्री ते ‘वाचतो’, काही राहिलं असेल तर भरायला लावतो. झाबुआकडच्या भुरीबाई भिंतीवरून कागदावर आल्या, २०२१ ला त्यांना पद्मश्री मिळाली.

मधल्या काळात आपल्याकडे भिंत म्हणजे कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आणि ‘हम दो हमारे दो’, मग साक्षरतेच्या घोषणा, २००० नंतर गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, जिल्हा परिषद शाळांच्या बोलक्या भिंती. यातली बोलक्या भिंतींची गोष्ट मला मनापासून आवडते कारण पोरं रोज त्या वापरतात, पाढे तिथंच पाठ करतात. हे सगळं हातानं रंगवणारे तालुक्याचे पेंटर होते, तेच लग्नघरावर कलश, मोर आणि शुभविवाह काढायचे. फ्लेक्स आला आणि त्यांचं काम गेलं.

आता आजच्या भिंतींबद्दल माझं म्हणणं. वारली कला पालघरची, जिव्या सोमा मशेंनी ती जगात नेली, तिचा मान आहेच, पण नंदुरबारच्या भिंतीवर भिल्ल-पावरांचं काहीच नसताना वारलीच का? १८५७-५८ ला इंग्रजांशी लढलेला भिल्ल खाज्या नाईक का नाही, श्रावणातल्या कानबाई देवीची मिरवणूक, अखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके, आसोद्याच्या बहिणाबाईंचं जातं का नाही? ज्या गल्लीची भिंत आहे त्या गल्लीला कोणी विचारतच नाही, डिझाइन कुठून तरी येतं, दोन-तीन उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत रंग उडतो आणि कोणाला काही वाटत नाही. ते जुने पेंटर अजून तालुक्याच्या गावात आहेत, रेडियमचे स्टिकर कापतायत. पालिकेनं पुढच्या वेळी आधी गल्लीत मीटिंग घ्यावी, विषय लोकांनी ठरवावा आणि ब्रश या माणसांच्या हातात द्यावा, सुरुवात फैजपूरपासून केली तर उत्तमच.