पऱ्हाटीला कालवण लागतं

तीन वर्षांपूर्वी परसातल्या एका वाफ्यात मी लाकडाचा भुसा मिसळला. शेजारी सुतारकाम चालू होतं, पोतंभर भुसा फुकट मिळाला आणि ‘सेंद्रिय म्हणजे मातीला चांगलंच’ एवढ्या ज्ञानावर माझं काम भागत होतं. वर पालक पेरला. उगवण झकास झाली. पण पंधरा-वीस दिवसांत खालची पानं पिवळी पडू लागली आणि रोपं आहेत तिथेच बसली. शेजारच्या वाफ्यात मी काहीच घातलं नव्हतं, तिथला पालक हिरवागार. आई म्हणाली, “माती सुधारायला गेलास आणि भाजी घालवलीस.”

त्या पिवळ्या पालकाचा उलगडा करायला मला शंभर वर्षं मागे, होळकरांच्या इंदुरात जावं लागलं.

१९२४ साली इंदुरात ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. होळकर दरबारानं तीनशे एकर जमीन दिली, संस्थानांनी आणि कापसाच्या मध्यवर्ती समितीनं पैसा दिला आणि संचालक म्हणून आले वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड. त्याआधी ते आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल (त्याही वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि नुसत्या ‘साहेबांच्या पत्नी’ अजिबात नव्हेत) बिहारमधल्या पुसा इथे गव्हाच्या जातींवर काम करत होते. इंदुरात काम होतं कापसाचं. पण चांगलं वाण काढून ते मरगळलेल्या जमिनीत टाकण्यात अर्थ नाही, हे हॉवर्ड यांचं पुशातलंच अनुभवाचं मत. त्यामुळे कापसाच्या संस्थेत त्यांनी मातीकडे आणि उकिरड्याकडे मोर्चा वळवला.

माळव्याची जमीन म्हणजे आपल्या विदर्भ-मराठवाड्याचीच बहीण. भारी, काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. पावसाळ्यात ती फुगते, भेगा मिटतात, आत हवा शिरत नाही आणि मुळं गुदमरतात. कस आहे पण तो बाहेर येत नाही, अशी तिची तऱ्हा.

१९३१ साली या कामाचं पुस्तक निघालं. त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. मराठी वाचक त्या नावापाशी थबकतोच. जगानं खड्ड्यात कंपोस्ट खत करण्याची ही ‘इंदूर पद्धत’ हॉवर्ड यांच्या खात्यावर लिहिली. वाड संस्थेत रसायनाची बाजू सांभाळत. म्हणजे खड्ड्यात नेमकं काय चाललंय याच्या मोजमापात त्यांचा वाटा मोठा असणार. हॉवर्ड गेल्यावरही वाड थांबले नाहीत. नवे संचालक जॅक्सन यांच्यासोबत त्यांनी हीच पद्धत वस्तीतल्या कचऱ्याला आणि मैल्याला लावून दाखवली.

प्रश्न काय होता? प्रत्येक शेतावर दोन गोष्टी वाया जात होत्या. एक, पऱ्हाट्या आणि तुराट्या (कापसाची आणि तुरीची वाळलेली झाडं): लाकडासारख्या टणक, कुजता कुजत नाहीत, म्हणून चुलीत जायच्या. दुसरी, गोठ्यातलं जनावरांचं मूत. शेण निदान गोवरीच्या रूपानं दिसतं तरी. मूत जमिनीत मुरलं की हिशेबातूनच गेलं. आणि जनावर खाल्लेल्या नत्राचा (म्हणजे नायट्रोजनचा) मोठा वाटा बाहेर टाकतं तो मुतातूनच.

इथे थोडं सूक्ष्मजीवांच्या जेवणाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा खेळ तिथेच आहे.

चिमूटभर चांगल्या मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, शिवाय बुरशीचे धागे. त्यांचं अंग बनलेलं असतं साधारण आठ भाग कर्बाला (म्हणजे कार्बनला) एक भाग नत्र या मापानं. पण नुसतं अंग बांधून भागत नाही, श्वासही घ्यावा लागतो आणि त्यात बराच कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. दोन्ही मिळून त्यांना लागणारं जेवण पडतं चोवीस भाग कर्बाला एक भाग नत्र. कर्ब म्हणजे भाकरी आणि नत्र म्हणजे कालवण म्हणा. चोवीस घास भाकरीला एक वाटी कालवण.

शेणात हे प्रमाण विसाच्या आसपास असतं, म्हणजे जेवण जुळून आलेलं. गव्हाच्या काडात ते ऐंशीच्या घरात जातं. लाकडाच्या भुशात कित्येकशे. नुसती भाकरीची चवड, कालवण नाही! मग जिवाणू काय करतात? आपण करतो तेच. शेजारी वाटी घेऊन जातात. मातीत जे थोडं विरघळलेलं नत्र आहे ते उचलतात आणि भाकरीबरोबर संपवतात. जिवाणू मुळांपेक्षा चपळ असतात, त्यामुळे या पंगतीत पिकाचा नंबर मागे लागतो. माझ्या पालकाची कावीळ ती हीच.

उलट जेवणात कालवण जास्त असेल, शेवरी-गिरिपुष्पाचा कोवळा पाला किंवा फुलोऱ्याआधी गाडलेला ताग असेल, तर जिवाणू पोटापुरतं घेतात आणि उरलेलं नत्र अमोनियाच्या रूपात मातीत सोडतात. ते पिकाला मिळतं. जिवाणूंना खाणारे आदिजीव आणि सूक्ष्म सूत्रकृमीही या कामाला हातभार लावतात: त्यांना स्वतःला नत्र कमी लागतं, म्हणून जिवाणू खाऊन ते जादाचं नत्र बाहेर टाकतात. आपण पिकाला खत घालतो असं म्हणतो, पण जमिनीतून येणारं हे खत असं कुणाच्या तरी तोंडातून आणि पोटातून फिरून येतं.

हे नत्राचं देणंघेणं हॉवर्ड-वाड यांच्याआधीही कळलेलं होतं. इंग्लंडात रॉथमस्टेडच्या शेती-संशोधन केंद्रात हचिन्सन आणि रिचर्ड्स या दोघांनी १९२१ मध्ये दाखवलं होतं की काड नीट कुजवायचं तर नत्र पुरवावंच लागतं; त्यांनी अमोनियाचे क्षार वापरून जनावरांशिवाय ‘शेणखत’ केलं. इंदूरकरांनी वेगळं काय केलं, तर विकतचं नत्र टाळलं. गोठ्यात जनावरांच्या पायाखाली माती पसरायची, ती मुतानं भिजू द्यायची आणि तीच खड्ड्यात न्यायची. कालवण घरचंच.

खड्डे असत तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि उथळ. खोल खड्ड्यात हवा पोचत नाही. पऱ्हाट्यांसाठी केलेली युक्ती मला फार आवडते. त्या गाडीवाटेवर पसरून ठेवायच्या. येता-जाता बैलांचे खूर आणि गाडीची चाकं त्यांचा चुरा करत, वेगळी मजुरी नाही. हा चुरा आधी गोठ्यात गुरांखाली जाई, मग पालापाचोळा, तण, उरलेली वैरण, शेणकाला, मूतमाती आणि आम्लता मारायला थोडी चुलीतली राख, असं सगळं थरांनी खड्ड्यात. सुरुवातीच्या मिश्रणात कर्ब-नत्राचं प्रमाण ३३ ला १ च्या आसपास राखायचं, हे त्यांनी ठरवलेलं माप. चोवीस सोडून तेहेतीस का, असं विचारलंत तर उत्तर पऱ्हाटीच्या टणकपणात आहे. तिच्यातला बराच कर्ब लिग्निनमध्ये, म्हणजे लाकडाला टणकपणा देणाऱ्या द्रव्यात, अडकलेला असतो आणि जिवाणूंच्या ताटात तो लगेच येतच नाही.

मग खड्डा तापू लागतो. साठ अंशांच्या पुढे जातो. पहिल्या काही दिवसांत खड्डा उकरला तर काडांवर पांढरी बुरशी पिंजलेल्या कापसासारखी पसरलेली दिसते. हिवाळ्याच्या सकाळी अशा ढिगात फावडं घातलं की भपकन वाफ येते आणि हात आत घातला तर मनगट ठेववत नाही. वास मात्र शेणाचा राहिलेला नसतो, पहिल्या पावसानंतरच्या रानासारखा येतो. तो घाण मारत असेल तर समजायचं की हवा कोंडली आहे. म्हणून पंधरवड्यानं, महिन्यानं आणि दोन महिन्यांनी असा तीनदा खड्डा उलथायचा. तीन महिन्यांत खत तयार: काळं, भुसभुशीत, पऱ्हाटी ओळखू न येणारं. कर्ब-नत्राचं प्रमाण तोवर दहाच्या आसपास उतरलेलं असतं. कमी झालेला कर्ब गेला हवेत. नत्र, नीट सांभाळलं असेल तर, बरंचसं जागेवर.

आता कापसाबद्दल एक हिशेब, जो बाजार समितीत कुणी करत नाही. रुई म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. कर्ब, हायड्रोजन, ऑक्सिजन, हे सगळं हवेतून आणि पाण्यातून आलेलं. रुईच्या गाठी मँचेस्टरला गेल्या काय आणि इचलकरंजीला गेल्या काय, त्यातून जमिनीचं फारसं काही जात नाही. जातं ते सरकीतून. क्विंटलभर कापसात साधारण पासष्ट किलो सरकी, तिच्यात ढोबळमानानं एक पंचमांश प्रथिनं, म्हणजे तेरा किलो; आणि प्रथिनांत सोळा टक्के नत्र, म्हणजे दोन किलो. दहा क्विंटल कापूस गाडीत भरला की वीस किलो नत्र शेताबाहेर गेलं. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत नत्र भरतं तेवढंच. स्फुरदाचं (फॉस्फरसचं) गणित वेगळं, पण दिशा तीच. पूर्वी सरकी किंवा पेंड गुरांच्या दावणीत परत यायची आणि गोठ्यातून शेतात. चक्र पुरं व्हायचं. आता पेंड जाते दूधवाल्या पट्ट्यात आणि शेतात येते गोणी.

हे सांगताना हॉवर्ड यांच्या एका गोष्टीशी माझं जमत नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात ते रासायनिक खतांचे कट्टर विरोधक झाले आणि त्यांच्या नावानं पुढे एक पंथच उभा राहिला. पण कंपोस्टचा खड्डा ही टांकसाळ नव्हे. जे शेतात होतं तेच तो परत करतो. नत्राची भर द्विदल पिकं थोडीफार घालतील, स्फुरद मात्र हवेतून येत नाही. शिवाय इंदूरच्या संस्थेकडे चाळीस बैल होते, मजूर होते, पाणी होतं. एक बैलजोडी असलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यानं ऐन सुगीत तीनदा खड्डा उलथावा, ही अपेक्षा कागदावर बरी दिसते.

आज तर बैलही गेले. त्यांच्याबरोबर मूतमाती गेली. महाराष्ट्रात जवळपास ४० लाख हेक्टरवर कापूस होतो आणि दर हंगामाच्या शेवटी त्या सगळ्या पऱ्हाट्यांचं काय करायचं हा प्रश्न असतो. गुलाबी बोंडअळीमुळे फरदड (वेचणी संपल्यावरही तेच पीक पुढे राखणं) ठेवू नका, पऱ्हाट्या उपटा, असं कृषी खातं सांगतं आणि ते बरोबरच आहे. उपटलेल्या बऱ्याचशा बांधावर पेटतात. नत्र धुरात, राख वाऱ्यावर.

उसाच्या पाचटाबाबत, म्हणजे वाळलेल्या पाल्याबाबत, आपण थोडे शहाणे झालो आहोत. पाचट जाळू नका, सरीत आच्छादा, आणि टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि किलोभर पाचट कुजवणारं संवर्धक टाका, ही राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आता ऊसपट्ट्यात सगळ्यांना पाठ आहे. त्या आठ किलो युरियाचं काम काय, हे मात्र बऱ्याच जणांना वाटतं तसं खोडव्याला (तोडणीनंतर त्याच बुंध्यांतून फुटणाऱ्या उसाला) जोर देणं नाही. ते जिवाणूंचं कालवण आहे. ते दिलं नाही तर जिवाणू शेजारी वाटी घेऊन जाणार आणि खोडवा पिवळा पडणार. संवर्धकाची पुडी हौसेनं आणणारे पुष्कळ भेटतात, युरिया मात्र ‘वाचवतात’. पाहुणे बोलावले आणि ताट वाढलंच नाही, तशातली गत.

२०१५ पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळते. तिच्यावर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅश), गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. उपयोगाची चीज आहे. फक्त ती कोठीघराचा फोटो आहे. स्वयंपाकघरात चूल पेटली आहे का, हे त्यात दिसत नाही. आपल्या भागातल्या बऱ्याच पत्रिकांवर सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आत असतो, आणि अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं. हिशेब करून पाहा. हेक्टरभर जमिनीच्या वरच्या सहा इंचांत माती असते सुमारे वीस लाख किलो. तिचा अर्धा टक्का म्हणजे दहा टन कर्ब, आणि त्याच्याशी दहाला एक या मापानं बांधलेलं एक टन नत्र. युरियाच्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस गोण्या! वर्षाला त्यातलं दोन-तीन टक्केच सुटं होतं, म्हणजे एखाद-दीड गोणीएवढं. ते किती सुटं होईल हे जिवाणू, ओल आणि त्यांच्या पुढ्यात आलेली भाकरी ठरवते. सांगा पाहू, पत्रिकेच्या कुठल्या रकान्यात हे लिहायचं?

इंदुरातल्या त्या जागेवर आता कृषी महाविद्यालय आहे.

माझ्या वाफ्याचं सांगायचं राहिलं. पालक गेला तो गेला. रागानं मी तो वाफा तसाच टाकला. पावसाळ्यात तण माजलं, ते तिथेच कापून पसरलं, दोन-चार वेळा शेणकाला ओतला. दुसऱ्या वर्षी फावडं मारलं तेव्हा भुसा शोधूनही सापडेना, माती मात्र मुठीत दाबली की गोळा होई आणि बोट लावलं की विस्कटे. जिवाणूंनी माझ्या पालकाच्या तोंडचं जे नत्र उचललं होतं ते त्यांच्याच मेलेल्या अंगातून परत फिरत होतं. मी पुन्हा पालक पेरला, वर काही न घालता. आई दोन्ही वाफ्यांच्या मध्ये उभी राहिली, आणि खुडायला आधी त्या वाफ्याकडे वळली.