गळती की घाम, खारं की गोडं

पावसाळ्यात कोकणातल्या एखाद्या प्रयोगशाळेच्या छताला पिवळट डाग पडला की पहिला वाद ठरलेला. एसीवाला म्हणतो स्लॅब गळतोय, गवंडी म्हणतो पाइप गळतोय. काही वर्षांपूर्वी रत्नागिरीजवळच्या एका प्रयोगशाळेत अशाच वादाला मी हजर होतो. खाली महागडं यंत्र, त्याच्यावर प्लास्टिकचा कागद, कागदावर बादली. निवृत्तीला आलेले फिटरकाका शिडीवर चढले, पाइपवरचा काळा फोम सोलला, बोट फिरवलं आणि वरूनच म्हणाले, "मॅडम, पाइप गळत नाय. त्याला घाम सुटलाय."

काकांचं खरं होतं. हवा २८ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८५ टक्के असली की सुमारे २५ अंशांहून थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी जमतं. शीतयंत्रातून निघणारं पाणी असतं ७ अंशांच्या आसपास. फोमचा एक सांधा उघडा राहिला तरी वाफ आत शिरते आणि बादली भरते. म्हणून 'घामच आहे' म्हणत सोडून द्यावं, तर त्याच ओल्या फोमखाली लोखंड गंजत राहतं आणि दोनेक पावसाळ्यांनी खरोखरचं भोक पडतं.

घाम की गळती, हा पहिला प्रश्न. गळती असेल तर पाणी खारं की गोडं, हा दुसरा. संशोधन केंद्रांच्या शीतकरणाचा इतिहास बघितला तर भोक बुजवण्याची कला फारशी पुढे गेलेली नाही. पुढे गेलंय ते काकांचं बोट, म्हणजे गळती ओळखण्याची विद्या.

या विद्येचा उगम प्रयोगशाळेत नाही, आगबोटीत आहे. वाफेच्या इंजिनातून बाहेर पडलेली वाफ पुन्हा पाणी करून बॉयलरला द्यायची, म्हणून कंडेन्सर. त्यात शेकडो बारीक पितळी नळ्या, नळ्यांच्या आत समुद्राचं पाणी, बाहेर वाफ. एक नळी फुटली की मीठ थेट बॉयलरमध्ये. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश आरमाराला या फुटणाऱ्या नळ्यांनी इतकं छळलं की त्या दुखण्याला खलाशांनी आजारासारखं नावच ठेवलं: कंडेन्सरायटिस. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त विरघळून निघून जातं, मागे तांब्याची जाळी उरते. नळी बघायला धडधाकट, बोटाने दाबली तर पिचते. आंबट लागलं की पितळेचं भांडं लाल पडतं, हे कोकणातल्या कुठल्याही घरात ठाऊक आहे, कारण सोलकढी कल्हई नसलेल्या भांड्यात कोणी ठेवत नाही. आरमारानेही कथिलाचाच आधार घेतला होता, फक्त वरून मुलामा न देता मिश्रधातूतच शेकडा एक टक्का कथील घातलं. पुढे चिमूटभर आर्सेनिकाने जस्ताची गळती थांबते हेही कळलं, मग ॲल्युमिनियम घातलेलं पितळ आलं, तांबं-निकेल आलं, आणि १९७० नंतर मोठ्या केंद्रांत टायटॅनियमच्या नळ्या दिसू लागल्या.

गळकी नळी शोधायला बोटीवर वेळ कुठला? बॉयलरच्या पाण्याच्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा, पाणी दुधाळ झालं तर मीठ आलं. हे त्या काळचं बोट. आणि तात्पुरता उपाय म्हणजे समुद्राचं पाणी जिथून आत येतं तिथे मूठभर लाकडाचा भुसा सोडायचा. कंडेन्सरमध्ये निर्वात असतो, त्यामुळे पाणी भोकाकडे ओढलं जातं, त्याच्याबरोबर भुसाही जातो आणि भोकात अडकून फुगतो. होडीच्या फळ्यांच्या फटीत कापूस ठोकून वर राळ-तेल लावणाऱ्या आपल्याकडच्या सुतारांना यात काही नवल वाटलं नसतं.

आता तुर्भे, म्हणजे ट्रॉम्बे. मुंबईच्या बंदराकाठच्या या टेकडीच्या पायथ्याशी अप्सरा ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. ती पाण्याच्या टाकीत बुडवलेली, तिची गोष्ट सोपी. अवघड होती १९६० साली सुरू झालेली सायरस, ४० मेगावॉटची. ती बांधली कॅनडाच्या मदतीने, चॉक रिव्हर इथल्या एनआरएक्स भट्टीच्या धर्तीवर. आराखडा जवळपास तोच, पण एक फरक होता, आणि या सगळ्या विषयातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. एनआरएक्स ओटावा नदीच्या काठी. नदीचं गोडं पाणी घ्यायचं, इंधनावरून फिरवायचं आणि सोडून द्यायचं, एवढं सरळ. तुर्भ्यात नदी नाही, खाडी आहे. खारं पाणी ॲल्युमिनियमच्या आवरणातल्या इंधनावरून फिरवलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून इथे क्षार काढलेलं पाणी बंद चक्रात फिरवायचं आणि त्याची उष्णता नळ्यांच्या भिंतीतून समुद्राच्या पाण्याला द्यायची, अशी रचना झाली. म्हणजे आगबोटीच्या कंडेन्सरचं जुनं दुखणं थेट अणुभट्टीच्या दारात येऊन बसलं.

पण मीठ हा शत्रू इथे खबऱ्याही होतो. अगदी शुद्ध पाण्याची विद्युतवाहकता २५ अंशांना ०.०५५ मायक्रोसिमेन्स प्रति सेंटीमीटर, समुद्राच्या पाण्याची सुमारे ५०,०००. दहा लाख लीटर शुद्ध पाण्यात समुद्राचं एकच लीटर मिसळलं, तरी वाहकता दुपटीहून जास्त होते. प्रत्यक्षातलं पाणी एवढं शुद्ध नसतं, त्यामुळे काटा इतका नाचत नाही, तरी माणसाच्या जिभेला जन्मात कळणार नाही ते त्याला कळतं. पावसाळ्यात मात्र हा खबऱ्या जरा आळशी होतो. खाडीत डोंगरावरचं पाणी उतरतं, खारटपणा घटतो, गाळ वाढतो. तो गाळ नळ्यांची तोंडं घासून पातळ करतो. सांडपाणी मिसळलेल्या खाडीच्या चिखलाला जो कुजका वास येतो, तो सल्फाइडचा, आणि तांब्याच्या मिश्रधातूंना सल्फाइड मिठाहून वाईट. शिवाय नळ्यांत शिंपले-कालवं धरतात आणि त्यांच्या बुडाखाली खड्डे पडतात.

१९८५ साली सुरू झालेल्या १०० मेगावॉटच्या ध्रुव भट्टीत म्हणूनच तीन चक्रं आहेत. इंधनाजवळ जड पाणी (साध्याऐवजी जड हायड्रोजन असलेलं पाणी), मग क्षार काढलेलं साधं पाणी, आणि शेवटी समुद्र. दोन भिंती एकाच वेळी फुटल्याशिवाय समुद्र आणि जड पाणी एकमेकांना भेटत नाहीत. जड पाणी सोन्यासारखं जपायचं असतं, आणि वापरात त्यात ट्रिटियम हा किरणोत्सर्गी हायड्रोजन साठत जातो. मधल्या चक्रातल्या पाण्यात ट्रिटियम वाढलं की आतली नळी फुटली, मीठ वाढलं की बाहेरची. दोन वेगळ्या चवी, दोन वेगळ्या भिंती.

चव घ्यायची ठरवलीच नाही तर काय होतं, त्याचा धडा अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेने दिला. तिथल्या संशोधन भट्टीत वापरलेलं इंधन ठेवायची काँक्रीटची टाकी होती, तिला आतून पोलादी अस्तर नव्हतं. दिवसाला २३ ते ३४ लीटर पाणी खालच्या वाळूत झिरपत होतं, बहुधा दहाएक वर्षं. टाकीतली घट लक्षात येत होती, पण ती बाष्पीभवनाच्या खात्यावर जात होती. म्हणजे 'घामच आहे', दुसरं काय! १९९७ च्या सुरुवातीला आसपासच्या विहिरींच्या नमुन्यांत ट्रिटियम सापडलं तेव्हा उलगडा झाला. लोकांच्या पिण्याच्या पाण्यात ते पोचलं नव्हतं, पण लोकांचा विश्वास उडाला, प्रयोगशाळा चालवणाऱ्या संस्थेचा करार रद्द झाला आणि १९९९ साली भट्टी कायमची बंद झाली. खुद्द भट्टीत काही बिघाड नव्हता.

उलट उदाहरण पुन्हा चॉक रिव्हरचं. तिथल्या एनआरयू भट्टीत मे २००९ मध्ये वीज गेली, आणि तपासणीत जड पाण्याची गळती सापडली, ताशी सुमारे ५ किलो. जगातल्या रुग्णालयांना तपासण्यांसाठी लागणाऱ्या मॉलिब्डेनम-९९ या किरणोत्सर्गी द्रव्याचा मोठा वाटा त्या एका भट्टीतून जात असे, त्यामुळे रुग्णांच्या तपासण्या खोळंबल्या. ॲल्युमिनियमचं भांडं आतून नव्हे, बाहेरून खाल्लं गेलं होतं. भांड्याबाहेरच्या अरुंद पोकळीतल्या दमट हवेवर किरणोत्सर्गाचा मारा होऊन नायट्रिक आम्ल तयार होत गेलं आणि त्याने भिंत पोखरली. दमट हवेचा हा प्रताप वाचून कोकणातल्या माणसाला आपल्या खिडक्यांच्या बिजागऱ्या आठवतात. दुरुस्ती करायची तर आत माणूस जाऊ शकत नाही. वरच्या सुमारे १२ सेंटीमीटरच्या भोकांतून ९ मीटर खाली हत्यारं सोडायची, कॅमेऱ्यात बघत वेल्डिंग करायचं. भट्टी ऑगस्ट २०१० मध्ये पुन्हा चालू झाली. पंधरा महिन्यांतला बराच काळ जागा हुडकण्यात आणि खोट्या भांड्यावर सराव करण्यात गेला.

जागा हुडकायच्या साधनांत विजयदुर्गाला ओझरता का होईना, मान आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या निमित्ताने हेलियमचा शोध लागला, म्हणून तिथे दरवर्षी हेलियम दिन होतो आणि किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' पाहुण्यांना दाखवतात. या शोधाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या दिवशी तिथे होते ही गोष्ट मात्र खरी नव्हे, ते इंग्लंडमध्ये होते. हा वायू हवेत दहा लाखांत पाचच भाग. म्हणून तो गळती शोधायला उत्तम. पाइप रिकामा करून सुकवायचा, आतून निर्वात करायचा, बाहेरून सांध्यांवर हेलियमची फुंकर मारत जायचं आणि आतलं यंत्र कुठल्या सांध्यापाशी चाळवतं ते बघायचं. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळं करण्याच्या अमेरिकेतल्या ओक रिजच्या कारखान्यासाठी आल्फ्रेड नीर यांच्या गटाने हे यंत्र घडवलं. आपले प्लंबर आज सफेदा-सुताऐवजी जी टेफ्लॉनची पांढरी फीत गुंडाळतात, ते टेफ्लॉनही मोठ्या प्रमाणात पहिल्यांदा वापरलं गेलं ते त्याच प्रकल्पात. नळाच्या आट्यांना फीत लावताना हे कोणाच्या ध्यानीमनीही नसतं, नसलेलंच बरं.

हेलियम महाग, त्यामुळे छोट्या प्रयोगशाळांत साबणाचा फेस, पाण्यात घातलेला हिरवट चमकणारा रंग आणि कानाला लावलेला लांब स्क्रू-ड्रायव्हर यांवरच भागतं. रत्नागिरीच्या त्या प्रयोगशाळेत काकांनी बोटाची चव घेतली नव्हती, हेही सांगायला हवं. चिल्ड वॉटरमध्ये गंज रोखायला नायट्राइटसारखी रसायनं असतात, ती तोंडात घ्यायची नसतात. त्यांनी बादलीतलं पाणी बाटलीत भरून वाहकता मोजायला दिलं. घामाचं पाणी जवळपास पावसाच्या पाण्याइतकं निर्मळ, पाइपमधलं त्याच्या कितीतरी पट जास्त वाहक. दहा मिनिटांत निकाल लागला.

भोक खरंच सापडलं तर पुढचं काम जुनंच आहे. बारीक छिद्राला रबर ठेवून क्लॅम्प, गंजलेला तुकडा कापून नवा, आणि उष्णता-विनिमयकातली, म्हणजे एका पाण्याची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या यंत्रातली, नळी असेल तर दोन्ही टोकांना निमुळती बुचं ठोकून ती कायमची बाद. थोड्या नळ्या बाद झाल्या तरी चालावं म्हणून मुळातच जादा घातलेल्या असतात. बाद नळ्यांचा नकाशा दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो, गोल चौकटीत बारीक गोल, बुच मारलेल्यावर लाल फुली आणि तारीख. लाल फुल्या एका कोपऱ्यात, पाणी आत शिरतं त्या बाजूला दाटलेल्या दिसल्या, की समजायचं गाळ घासतोय. विखुरलेल्या दिसल्या, की नळ्याच जुन्या झाल्या.