स्टेअरिंगच्या दांड्यातली रबराची चकती

अमेरिकेत १९७३ ते १९८७ या काळात विकले गेलेले शेवरोलेचे चौकोनी बांध्याचे पिकअप ट्रक आजही तिथल्या रस्त्यांवर धावतात. त्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते: स्टेअरिंगला प्ले आलाय. स्टेअरिंग थोडं डावीकडे फिरवलं, थोडं उजवीकडे फिरवलं, तरी गाडीला पत्ताच नाही. मग संशय जातो स्टेअरिंगच्या गिअर बॉक्सवर, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांच्या वळण्यात बदलणाऱ्या दात्यांच्या पेटीवर. त्याच्या डोक्यावर प्ले कमी करायचा एक स्क्रू असतो, तो आवळला जातो. प्ले जात नाही आणि बॉक्स मात्र मध्यभागी जड फिरू लागतो, आतले दाते झिजतात. खरा दोष पुष्कळदा बॉक्सच्या अलीकडे, वीतभर अंतरावर असतो. तिथे जेमतेम तळहातात मावेल अशी रबराची चकती असते. तिकडचे मेकॅनिक तिला रॅग जॉइंट म्हणतात.

प्ले किती धोक्याचा, ते एका हिशोबाने कळेल. स्टेअरिंगचा व्यास ४० सेंटीमीटर धरला आणि कडेवर अडीच सेंटीमीटर प्ले असला, तर तो सुमारे ७ अंश होतो. स्टेअरिंग साधारण १७ अंश फिरतं तेव्हा पुढची चाकं १ अंश वळतात, म्हणजे चाकांपाशी हा फरक जेमतेम ०.४ अंश उरतो. ऐकायला नगण्य. पण पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ३.३ मीटर अंतर असलेला ट्रक ताशी १०० किलोमीटर वेगाने एवढ्याच कोनात एक सेकंद वळत राहिला, तर तो सरळ रेषेपासून पाऊण मीटरहून जास्त सरकतो. हायवेवरची लेन तिथे ३.६६ मीटर रुंद असते. चालक सतत बारीक दुरुस्त्या करत राहतो, तो थकतो, आणि थकव्याचं कारण त्याच्या लक्षातही येत नाही.

मुळात इतक्या महत्त्वाच्या जागी रबर बसवायचंच कशाला? हा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर ट्रकच्या बांधणीत आहे. पिकअपची केबिन चॅसीवर रबरी गाद्यांच्या आधाराने बसते. स्टेअरिंग केबिनला जोडलेलं, गिअर बॉक्स चॅसीला. खड्ड्यात गाडी आपटली की केबिन आणि चॅसी एकमेकांच्या तुलनेत किंचित हलतात. मधला दांडा अखंड पोलादी असता तर ते हेलकावे थेट बेअरिंगांवर आले असते आणि रस्त्याची प्रत्येक थरथर हातापर्यंत पोचली असती. म्हणून मध्ये असा दुवा हवा, जो वाकायला आणि थरथर गिळायला मऊ, पण पिळायला कडक असेल.

हे दोन्ही एकाच वस्तूत साधण्यासाठी चकती टायरसारखी बनवतात: रबरात कापडाचे थर. पिळताना येणारा ताण कापडाचे धागे पेलतात, तर रबर त्यांना जागेवर धरतं आणि थरथरीतली ऊर्जा स्वतःच्या आत उष्णतेत बदलून टाकतं. चकतीला चार भोकं असतात. समोरासमोरची दोन भोकं वरच्या दांड्याच्या फ्लॅंजला, म्हणजे टोकाच्या पसरट पोलादी तबकडीला जोडतात, उरलेली दोन खालच्या फ्लॅंजला. त्यामुळे पोलादाला पोलाद कुठेच भिडत नाही; हाताचं सगळं बळ रबर-कापडातूनच खाली जातं.

आणि चकती फाटली तर? त्याचीही सोय केलेली आहे. एका फ्लॅंजच्या दोन पिना दुसऱ्या फ्लॅंजच्या खाचांमध्ये सैलसर बसतात. एरवी त्या कशालाच टेकत नाहीत. चकती पार गेली तर पिना खाचेच्या कडेला भिडतात आणि गाडी ढिली का होईना, वळवता येते. खाचांच्या कडा घासून चकाकताना दिसल्या, तर समजावं की चकती आता नावापुरतीच उरली आहे.

रबर मरतं तीन-चार बाजूंनी. एक्झॉस्टची धग जवळच असते. पॉवर स्टेअरिंगचं तेल गळून चकतीवर पडलं की रबर फुगतं आणि लिबलिबीत होतं. हवेतला ओझोन रबराच्या लांब साखळ्यांमधले दुहेरी बंध तोडतो; ताण ज्या दिशेने असेल तिला आडव्या बारीक भेगा पडतात. शिवाय गाडी उभी असताना जोर लावून स्टेअरिंग फिरवायची सवय असली, तर चकतीला सगळ्यात मोठा पीळ तेव्हाच बसतो.

निदान सोपं आहे. एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने बॉनेट उघडून चकतीकडे बघायचं. वरचा फ्लॅंज फिरतोय आणि खालचा थांबलाय, असं दिसलं की दोषी सापडला.

बदलताना चाकं सरळ ठेवून स्टेअरिंग लॉक करावं आणि दोन्ही दांड्यांवर खुणा कराव्यात. बॉक्सच्या दांड्याला फ्लॅंज आवळणारा बोल्ट नुसता ढिला करून भागत नाही. तो दांड्याच्या खाचेतून जातो, म्हणून पूर्ण काढावा लागतो. शेवरोलेत त्याचं डोकं बारा कोनी असतं, तसाच पाना हवा. मग बॉक्सचे बोल्ट सोडून तो थोडा पुढे सरकवला की जागा होते. कंपनीच्या मूळ चकतीला बऱ्याचदा रिव्हेट असतात, ते घासून काढावे लागतात. नव्या किटमध्ये त्यांच्या जागी बोल्ट येतात. त्यातला एक ३/८ इंचाचा आणि दुसरा ५/१६ इंचाचा असतो, म्हणजे अर्धा फेरा उलटं बसवायची सोयच नाही. किती शहाणपणाचं काम!

एक गोष्ट मात्र कधीही करू नये: दांडा अडला म्हणून त्याच्यावर हातोडा मारणं. अपघातात चालकाच्या छातीत घुसण्याऐवजी स्टेअरिंगचा दांडा आत दबावा, म्हणून त्यात प्लास्टिकच्या नाजूक पिना भरलेल्या असतात. हातोड्याच्या एका घावाने त्या तुटू शकतात.

रबराऐवजी पोलादी युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे तिरक्या कोनातले दोन दांडे जोडणारा बिजागरीसारखा सांधा बसवण्याची हौस अनेकांना असते. त्याने स्टेअरिंग नेमकं होतं, हे खरं. पण तिरक्या कोनात एकटा बसवलेला असा जॉइंट एकसारखा फिरत नाही: कोन ३० अंशांचा असेल तर एका फेऱ्यात खालच्या दांड्याचा वेग वरच्याच्या ०.८७ पटीपासून १.१५ पटीपर्यंत बदलत राहतो. योग्य रीतीने जुळवलेला दुसरा जॉइंट हा फरक पुसतो. थरथर मात्र दोघांपैकी कोणीच गिळत नाही. रोज लांबचा पल्ला गाठणाऱ्या ट्रकमध्ये मी तरी रबरच बसवीन.

नवी चकती आवळल्यावर पिना खाचांच्या बरोबर मध्ये आहेत ना, हे बघावं. एका बाजूला टेकल्या असतील तर बॉक्स आणि दांडा एका रेषेत नाहीत. बॉक्सचे बोल्ट पुन्हा सैल करून रेष जुळवावी. काही गाड्यांत हॉर्नचं अर्थिंग याच सांध्यातून जातं, म्हणून हॉर्न वाजवून पाहावा. नव्या चकतीनंतरही प्ले उरला असेल तर पुढचा शोध बॉक्सपासून चाकांपर्यंत जाणाऱ्या जोडण्यांत, म्हणजे आयडलर आर्म आणि टाय रॉडच्या टोकांपाशी घ्यायचा. बॉक्सवरच्या त्या स्क्रूला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.