ऋतू बदलताना औषधांची काळजी

सस्नेह नमस्कार.

गोळी तीच आणि मात्राही तीच असली, तरी ऋतू पालटला की ती घेणारे शरीर बदलते आणि ती ठेवलेली जागाही बदलते, याची आठवण आम्ही औषधविक्रेते प्रत्येक ग्राहकाला आवर्जून करून देतो.

सर्वाधिक जपायचे ते उन्हाळ्यात. रक्तदाबासाठी किंवा पायांवरील सुजेसाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांच्या शरीरातून घामावाटेही पाणी आणि क्षार जात असतात, त्यामुळे उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंड कोरडे पडणे, लघवी कमी व गडद होणे अशी लक्षणे दिसू लागतात. त्यातच जुलाब-उलट्या सुरू झाल्या किंवा अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन अथवा डायक्लोफिनॅक घेतले, तर मूत्रपिंडांवर ताण येतो. लिथियम (मनःस्थितीच्या विकारांवरील औषध) घेणाऱ्यांच्या रक्तातील औषधाचे प्रमाण अशा वेळी धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नये आणि रेटून चालूही ठेवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. हृदयविकारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी ते किती वाढवायचे हेही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात, फ्रीजमध्ये पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावे. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखेच दिसले तरी वापरू नये, कारण त्याच्या गुणाचा भरवसा राहत नाही. प्रवासात ते बर्फाला थेट टेकू देऊ नये, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर कोणतेच औषध ठेवू नये.

पावसाळ्यात वैरी असतो तो दमटपणा. ॲस्पिरिनच्या बाटलीचे झाकण उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ओलाव्याने गोळ्यांचे विघटन सुरू झाले आहे असे समजून त्या टाकून द्याव्यात. बाटलीतली ओलावा शोषणारी लहान पुडी फेकू नये. न्हाणीघर आणि ओट्याजवळचे कपाट या औषधे ठेवण्याच्या जागा नव्हेत, आणि वेष्टनावर तशी सूचना नसेल तर गोळ्यांना फ्रीजचीही गरज नसते.

हिवाळ्यात सर्दी-तापाच्या अनेक तयार गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतेच, हे लक्षात न आल्याने तापाची वेगळी गोळी घेतली जाते आणि मात्रा दुप्पट होते. निरोगी प्रौढांसाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. वजन कमी असल्यास किंवा यकृताचा विकार असल्यास ती आणखी कमी असते. नाक मोकळे करणाऱ्या काही औषधांनी रक्तदाब वाढतो, म्हणून सर्दीची गोळी मागताना आपल्या इतर गोळ्यांची नावे आम्हाला अवश्य सांगावीत.

ऋतू बदलला की घरातली सगळी औषधे, इतरत्र घेतलेलीही, एका पिशवीत घालून आमच्याकडे आणावीत. मुदत, साठवण आणि एकमेकांशी असलेला मेळ आम्ही आपल्यासमोर बसून तपासून देऊ.