संगणकाच्या स्पीकरमधील खरखर

संगणकाला जोडलेल्या स्पीकरमधून मूळ ध्वनीखेरीज येणारी घूंऽऽ, सूंऽऽ, शिट्टी किंवा तडतड. असा आवाज सुरू झाला की बहुतेक जण स्पीकर बदलायला निघतात आणि नवा स्पीकरही तसाच घुमू लागतो. दोष बऱ्याचदा वीजजोडणीत, वायरीत किंवा संगणकाच्या पोटात असतो. स्पीकर तो फक्त ऐकवतो. म्हणून आधी शांतपणे कान देऊन आवाजाची जात ओळखावी.

जाड, एकसुरी घूंऽऽ हा विजेचा आवाज. वीजपुरवठ्याची वारंवारता देशानुसार ५० किंवा ६० हर्ट्झ असते. ती आणि तिच्या पटीतल्या वारंवारता मिळून ही घुमघुम होते. याचे नेहमीचे कारण ग्राउंड लूप, म्हणजे अर्थिंग आणि वायर मिळून तयार होणारे विजेचे कडे. संगणक आणि स्पीकर दोन वेगळ्या सॉकेटमधून अर्थिंगला जोडले असतील, तर दोन्हीकडच्या अर्थिंगच्या विद्युतदाबात किंचित फरक राहतो. त्या फरकामुळे ऑडिओ वायरीच्या बाहेरच्या जाळीतून प्रवाह वाहतो. साध्या ३.५ मिमी पिनच्या वायरीत हीच जाळी सिग्नलची परतीची वाटही असते, त्यामुळे घुमघुम थेट गाण्यात मिसळते.

खात्री करायला ऑडिओ पिन संगणकातून काढून चार्जिंगला न लावलेल्या मोबाईलमध्ये खोचावी. घूंऽऽ थांबली तर स्पीकर निर्दोष आहे. पिन नुसती हातात धरून मात्र निष्कर्ष काढू नये: टोकाला बोट लागताच स्पीकर जोरात घुमतो, कारण शरीर अँटेनासारखे आसपासच्या विजेचे क्षेत्र टिपते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पाहणे आणखी सोपे.

दोन्ही उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतली की पुष्कळदा काम भागते. नाहीच भागले तर वायरीच्या मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सिग्नल पुढे जाऊ देऊन दोन्ही बाजूंचा थेट विद्युतसंबंध तोडणारे उपकरण) बसवावा, पण स्वस्तातला ट्रान्सफॉर्मर खर्जाचा आवाज खातो. ऑप्टिकल वायरीतून प्रकाश जातो, वीज नाही. तिथे लूपच तयार होत नाही. आवाज घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. तो कदापि करू नये. उपकरणात वीज उतरली तर माणसाला वाचवणारी तीच पिन असते.

माउस हलवला की बारीक चिरचिर उमटते, पडद्यावरची खिडकी (विंडो) वर-खाली सरकवली की तिचा सूर बदलतो, असे होत असेल तर संगणकाच्या आतल्या सर्किटचा गोंगाट ऑडिओत शिरत आहे. कॅबिनेटच्या पुढच्या जॅकपर्यंतची वायर मदरबोर्डवरून फिरून येते, म्हणून आधी मागचा जॅक वापरून पाहावा. त्यानेही फरक पडला नाही तर बाहेरचे यूएसबी साउंड कार्ड घ्यावे. मात्र यूएसबीतही दर मिलिसेकंदाला एक फ्रेम, म्हणजे माहितीचा एक तुकडा, जाते आणि तिची १००० हर्ट्झची शिट्टी कधी कधी ऐकू येते.

सूंऽऽ पूर्णपणे कधीच जात नाही. वाहकातल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालीतून ती उपजते. जॉन जॉन्सन आणि हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये तिचे मोजमाप आणि गणित मांडले. ती दबवता मात्र येते: संगणकाचा आवाज बराच वर ठेवून स्पीकरचे बटण खाली आणावे. उलट केले तर स्पीकरचा अॅम्प्लिफायर सिग्नलसोबत सूंऽऽसुद्धा फुगवतो.

बटण फिरवताना ठरावीक जागीच चरचर झाली तर व्हॉल्यूम कंट्रोलच्या पट्टीवर धूळ बसली आहे. काँटॅक्ट क्लीनर मारून बटण वीस-पंचवीस वेळा फिरवावे. गाणे चालू असतानाच तडतड होत असेल आणि ती हेडफोनमध्येही ऐकू येत असेल, तर ड्रायव्हर (साउंड कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) किंवा बफर (ध्वनी वाजण्याआधी थोडा साठवण्याची जागा) तपासावा. जवळ ठेवलेल्या मोबाईलची टिट्-टिट् टूजी जाळ्यावरची असते: असा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहरी सोडतो आणि स्पीकरची वायर त्या पकडते. फोन हातभर दूर सरकवावा.

ऑडिओ वायर स्पीकरच्या बाजूने काढूनही आणि आवाज शून्यावर नेऊनही घूंऽऽ तशीच राहिली, तर दोष खरोखर स्पीकरमध्ये असतो. जुन्या स्पीकरमध्ये तो बहुधा पॉवर सप्लायच्या सुकलेल्या फिल्टर कपॅसिटरचा, म्हणजे वीजपुरवठ्यातले चढउतार गुळगुळीत करणाऱ्या भागाचा, निघतो. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार साठून राहतो, म्हणून हे काम माहीतगार कारागिराकडूनच करून घ्यावे.