उसातला बिबट्या

उसातला बिबट्या : पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, मुख्यतः जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या तालुक्यांत, ऊस व इतर बागायती पिकांच्या आडोशाने कायम राहणाऱ्या बिबट्यांना रूढ झालेले नाव. ही वेगळी उपजाती नव्हे. भीमाशंकरच्या रानातला बिबट्या आणि नारायणगावच्या फडातला बिबट्या प्राणी म्हणून एकच. फरक एवढाच, की दुसरा जन्मला पाचटात, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पानांत, आणि जंगल त्याने पाहिलेलेही नसते. म्हणून ‘मानवी वस्तीत बिबट्या घुसला’ हे बातम्यांतले ठरीव वाक्य त्याला लागू पडत नाही. तो तिथलाच असतो.

या बदलाचे मूळ पाण्यात आहे. 1970 नंतरच्या दशकांत कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे उभी राहिली, कालवे पूर्वेकडे गेले आणि बाजरी-मटकीच्या जिरायतीत ऊस उभा राहिला. पाठोपाठ साखर कारखाने आले. लोकही गावठाण सोडून आपापल्या मळ्यांत घरे बांधून राहू लागले. त्यामुळे इथे घर आणि फड यांत बहुधा एका बांधाचे अंतर असते.

बिबट्याला ऊस मानवतो तो त्याच्या वेळापत्रकामुळे. अडसाली ऊस 16 ते 18 महिने शेतात उभा असतो. मोठी बांधणी, म्हणजे उसाच्या बुंध्यांना मातीची भर, होईपर्यंत खुरपणी, खतासाठी माणसांची ये-जा चालते. त्यानंतर तोडणीपर्यंत फडाच्या आत सहसा कोणी शिरत नाही. गर्द सावली, सरीत पाणी, आत रानडुकरे, ससे, घुशी. पिल्ले घालायला याहून निवांत जागा सह्याद्रीतही सहज मिळायची नाही.

खाण्याचाही प्रश्न नाही. जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विष्ठेच्या नमुन्यांवरून बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला. त्याने खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनापैकी 87 टक्के वाटा पाळीव आणि गावठी जनावरांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्याचा 39 टक्के. शेळ्या संख्येने जास्त असूनही त्यांचा वाटा 11 टक्क्यांच्या आसपासच होता, कारण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रे उकिरड्यावर. मेलेल्या कोंबड्या पोल्ट्रीमागे उघड्यावर टाकल्या, की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे तो.

गाळपाचा हंगाम सुरू झाला की हे घर मोडते. तोडणी बांधाकडून आत सरकत जाते आणि शेवटच्या चार-सहा सऱ्यांत कोयता थांबतो, कारण पाचटात मांजराएवढी दोन-तीन पिल्ले सापडतात. पिल्ले उचलून नेली तर मादी रात्रभर आसपास फिरते आणि आक्रमक होते, हे अनुभवाने कळल्यावर वनखात्याने पद्धत बदलली. पिल्ले तपासून, शेपटीच्या बुडाशी कातडीखाली मायक्रोचिप बसवून, संध्याकाळी त्याच जागी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवतात. भाजी मंडईला जाते तेच क्रेट. समोर कॅमेरा लावून माणसे लांब जातात. अंधार पडल्यावर मादी येते, पंजाने क्रेट आडवे करते, एक पिल्लू मानेला धरून नेते, काही वेळाने दुसऱ्यासाठी परतते. फडमालकाला तोडणी एक-दोन दिवस थांबवावी लागते आणि मुकादमाची कुरकुर होते, तरीही या भागात ही पद्धत बरीच रुळली आहे.

त्याआधीचा उपाय अंगाशी आला होता. 2001 ते 2003 या काळात जुन्नर भागात मोठ्या संख्येने बिबटे पिंजऱ्यात पकडून जंगलांत सोडले गेले. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 1993 ते 2001 दरम्यान माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. स्थलांतर सुरू झाल्यावर ही सरासरी 17 वर गेली. सोडलेले बिबटे जंगलात थांबले नाहीत. अनोळखी मुलखातून ते वस्त्यांच्या वाटेने फिरत राहिले, आणि कैदेत माणसाची सवय होऊन भीती मोडलेली होती. शिवाय मोकळी झालेली हद्द दुसरा बिबट्या धरतो, त्यामुळे मूळ गावाचीही सुटका होत नाही. 2011 सालीच केंद्र सरकारने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट पकडून सोडण्याला विरोध आहे. तरी गावात बळी गेल्यावर पहिली मागणी पिंजऱ्याचीच होते. ज्याच्या घरातले मूल गेले त्याच्यासमोर सरासरीचे आकडे मांडणे कोणालाच जमणारे नाही. पकडलेल्या आणि जखमी बिबट्यांसाठी माणिकडोह येथे निवारा केंद्र आहे.

हल्ल्यांत लहान मुले आणि वाकून किंवा बसून काम करणारी माणसे जास्त सापडतात; खाली झुकलेला आकार बिबट्याला भक्ष्याच्या मापाचा वाटतो. शेतीपंपाला थ्री-फेज वीज रात्री मिळाली, की दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, अंधारात जावेच लागते. ‘दिवसा वीज द्या’ ही मागणी म्हणूनच इथे बिबट्याच्या प्रश्नाचाही भाग झाली आहे.

पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातले महादेव कोळी वाघोबाला पूजतात आणि वाघबारस पाळतात. मेंढपाळांचा बंदोबस्त अधिक रोखठोक : मेंढरांभोवती वाघूर, म्हणजे जाळे, आणि राखणीच्या कुत्र्याच्या गळ्यात टोकदार खिळ्यांचा पट्टा, कारण लांडगा काय नि बिबट्या काय, नरडेच धरतो. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात काही आठवड्यांत तीन बळी गेल्यानंतर गावातली माणसे तसेच पट्टे स्वतःच्या गळ्यात घालून शेतात जाऊ लागली.